संगणकाच्या पोटातला संगणक

१

शनिवारी सकाळी ज्योत्स्ना चपला न घालताच माझ्याकडे आली. दारातूनच म्हणाली, "कमलताई, यांचा आवाज गेला."

मी पोळपाट बाजूला सारला. तिच्या नवऱ्याची, अरविंद सरांची, वाचा जाऊन आठ महिने झाले होते. साऱ्या गल्लीला ते ठाऊक होतं.

"तो नाही हो," ती म्हणाली. "मशीनमधला. आता तोही गेला."

अरविंद सरांनी आणि मी बुऱ्हाणपुरातल्या एकाच मराठी शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. ते गणित, मी मराठी. गणिताच्या माणसाला शब्दांचं वेड लागावं याचं मला तेव्हाही नवल वाटायचं. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून ते तापीपलीकडे जैनाबादला जायचे, कधी असीरगडच्या पायथ्याशी, कधी जसोंडीच्या मळ्यात. तिथल्या म्हाताऱ्या माणसांचे शब्द वहीत टिपायचे. आपण केळीचं पिलू म्हणतो त्याला मळ्यात मुनवा म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. निवृत्तीनंतर त्यांनी बावीसशे शब्द संगणकात घातले. प्रत्येक शब्द स्वतःच्या आवाजात बोलून ठेवला, खाली अर्थ लिहिला.

मग मेंदूत रक्ताची गुठळी झाली. कळायचं सगळं, पण तोंडाशी शब्द येईना. इंदूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओळखीचा आवाज ऐकवा आणि मागोमाग म्हणायला लावा. या घरात सरांच्या स्वतःच्या आवाजाइतका ओळखीचा आवाज दुसरा कुठला? रोज आठ वाजता ज्योत्स्ना त्यांना संगणकापुढे बसवायची आणि पडद्यावरचं 'आपले शब्द' लिहिलेलं हिरवं चित्र दाबायची. जुने सर आतून बोलायचे, आताचे सर मागून म्हणायचे. आठ महिन्यांत चाळीसएक शब्द आले होते. पण सगळे मागून म्हटलेले. आपणहून एकही नाही.

मी गेले तेव्हा सर खुर्चीत होते. डाव्या हाताने ते हिरवं चित्र पुन्हा पुन्हा दाबत होते. दर वेळी पडद्यावर इंग्रजी अक्षरांची एक पांढरी चौकट यायची.

मी चष्मा लावून वाचलं. त्या नावाचं मशीन सापडत नाही, एवढाच तिचा अर्थ होता. कुठल्या नावाचं, ते काही लिहिलेलं नव्हतं.

"काल सकाळपर्यंत होतं," ज्योत्स्ना म्हणाली. "घरातूनच कोणीतरी काढलंय, ताई. आणि मला कोणी सांगत नाही."

२

गायत्री, सरांची सून, बाळाला मांडीवर घेऊन पेज भरवत होती. तिचं माहेर रावेरचं. मुलगी कामसू, पण जिभेला धार.

"या मावशी. सासूबाईंनी वकील पाठवला वाटतं."

"वकील नाही, शेजारीण. संगणकाला काल कोणी हात लावला?"

"मी लावला, सांगते ना. घरून काम करते मी. कंपनीचं नवीन सॉफ्टवेअर टाकायला पंचवीस जीबी जागा लागते आणि शिल्लक होती आठ. म्हणून काल दुपारी शनवारा चौकातल्या संगणकवाल्या चंदनला बोलावलं. तो म्हणाला, बाबांनी याच्या आत चार मशिनी बनवून ठेवल्यात, जागा त्या खातात."

"चार मशिनी म्हणजे?"

तिने मला समजावलं, आणि चांगलं समजावलं. खऱ्या संगणकाच्या आत दुसरा खोटा संगणक उभा करता येतो. त्याला वाटतं आपण खरेच आहोत. सरांचा शब्दांचा कार्यक्रम फार जुना, आजच्या विंडोजवर चालत नाही. म्हणून त्यांनी जुनी विंडोज अशा एका पोटातल्या संगणकात जपून ठेवली होती. बाकीचे असेच, शिकता शिकता केलेले.

"मग चंदनला तू काय सांगितलंस?"

"लागत नाहीत त्या काढा, म्हटलं. त्याने विचारलं, कोणत्या? इकडे हा रडून लाल झाला होता. मी म्हटलं, बाबांनी नावं दिली असतील, नावं बघून काढा." चमचा वाटीत थांबला. "मावशी, आईंचं ते हिरवं चित्र त्यातल्याच एका मशिनीचं आहे, हे मला माहीत होतं. म्हणून तर म्हटलं ना, नावं बघून! मी मुद्दाम करेन का?"

"तसं मी कुठे म्हटलं?"

"म्हणायला कशाला लागतं. घरात काही हरवलं की आधी सुनेकडे बघतात." डोळे पुसून ती रागानेच पुढे म्हणाली, "आणि एवढं करून मिळालं काय? आठाचे बारा झाले. चार जीबी! म्हणून उद्या नीलेश इंदूरहून आले की सगळं पुसून नवं विंडोज टाकणार आहेत. तसंही आता वाचवायचं काय राहिलंय?"

नीलेश म्हणजे सरांचा मुलगा. उद्या रविवार. पहिल्या बसने तो दहाला पोचतो.

मी उठले, तशी ती हळू आवाजात म्हणाली, "चंदनला एकट्यालाच विचारू नका. काल संध्याकाळी धर्मेंद्रकाका आले होते. अर्धा तास बाबांच्या खोलीत, दार लोटून. आणि चहा न घेता तणतणत निघून गेले."

३

धर्मेंद्र सरांचा धाकटा भाऊ, जसोंडीला केळी करतो. शनिवारी तो मंडीत असतो, म्हणून मी रिक्षा करून केळी मंडीत गेले. घडांनी भरलेल्या ट्रॉलीच्या सावलीत तो खाली मान घालून बसला होता. अंगाने आडदांड, पण लहानपणी दादाच्या सायकलवर पुढच्या दांड्यावर बसून शाळेत यायचा, ते मला अजून दिसतं.

"ताई, तुम्ही? मंडीत?"

"तुझ्या दादाच्या मशीनमधला आवाज गेलाय, धर्मेंद्र."

तो दचकला नाही. एवढंच म्हणाला, "बरं झालं."

मला हे अपेक्षित नव्हतं.

"खरं सांगतो. दादा सोताचाच आवाज ऐकून रडते. मी पाह्यलंय. मीच वहिनीले म्हटलं होतं, बंद करा ते. चांगल्या बोलणाऱ्या माणसाले रोज त्याचा जुना आवाज ऐकवायचा, हे औषध आहे की शिक्षा?"

"म्हणून तू काल ते काढलंस?"

"मी?" त्याने आपले केळीच्या चिकाने काळे पडलेले हात माझ्यापुढे धरले. "मले मोबाइलवर घड्याळ लावता येत नाही, ताई. पोरगा लावून देते."

"मग अर्धा तास दार लोटून काय करत होतास?"

त्याने हात मागे घेतले. मंडीतले हमाल आमच्याभोवतीनं घड वाहत होते. शेवटी त्याने नाक ओढलं.

"दादाजवळ बसलो होतो. म्हटलं, दादा, ते मशीन सोड, माझ्यासंग मळ्यात चल चार दिवस. तर त्याने त्या मशीनच्या टीव्हीकडे बोट केलं, मग माझ्याकडे पाह्यलं, आणि मले म्हणे..." त्याचा आवाज फाटला. "मले म्हणे, निकल!"

"काय?"

"निकल! चालता हो! दोनदा म्हणे. आठ महिन्यांत भावाशी एक शब्द बोलला, आणि तो हा. कुणाले सांगू मी?"

परतताना मी रिक्षात विचार करत राहिले. अरविंद सर या भावाला 'अरे' म्हणून कधी ओरडले नव्हते. बुऱ्हाणपुरात आपण सगळेच घडीत मराठी, घडीत हिंदी बोलतो हे खरं. पण सर भावाशी हिंदी? एक शब्दही बोललेले मला आठवेना.

४

चंदनचं दुकान शनवाऱ्याला, पावरलूमच्या सुट्या भागांच्या दुकानाशेजारी. चंदन पस्तिशीचा, हरद्याकडचा, घरी हिंदी बोलणारा. इथे येऊन चार वर्षं झाली, पण मराठी अजून अर्धीच. मी येण्याआधीच गायत्रीने फोनवर त्याला झापलेलं दिसत होतं.

"मॅडमजी, मेरी कोई गलती नहीं. मी तेच काढलं जे सरांनी सांगितलं."

"गायत्रीने सांगितलं, असं म्हणायचंय का तुला?"

"नहीं जी. भाभी ने तो बोला, नाम देख लो. बाकी सरांनी खुद सांगून ठेवलं होतं."

"चंदन, सर आठ महिने बोलत नाहीत."

"तो मैंने कब कहा बोले? लिखा हुआ था. एकदम साफ़. कंप्यूटर में जाके देख लो."

"आता कुठे बघू? तू तर ते काढून टाकलंस."

मग त्यालाच माझ्याहून जास्त वाईट वाटल्यासारखं झालं. "चार मशीन थी. दोन का नाव टेस्ट, एक लिनक्स. ती तर छोटी, बच्चों के खेल जैसी. चौथी मोठी, अकेली तीस जीबी की. मी घाबरलो, मॅडमजी. सोचा, इतनी बड़ी चीज़, पूछ लेता हूँ. फिर देखा, सरांनी तर आधीच लिहून ठेवलंय. तो हटा दी."

"पण काय लिहिलं होतं?"

त्याच वेळी काउंटरवरचा फोन वाजला. कोणाचं तरी बिलाचं मशीन बंद पडलं होतं. बॅग उचलून, हेल्मेट डोक्यात घालता घालता तो म्हणाला, "लिखा था कि निकाल दो. और क्या लिखेंगे?" आणि गाडीला किक मारून गेला.

मी दुकानाच्या पायरीवर टेकले. सरांनी स्वतःच्या बावीसशे शब्दांवर 'काढून टाका' असं लिहून ठेवावं? का? स्वतःचा आवाज ऐकून रडणारा माणूस असं लिहील का? धर्मेंद्र म्हणाला ते खरं असेल, तर मग हे शोधायचंच कशाला? मशीन सापडलं तर ते त्यांच्यावर पुन्हा लादायचं?

पण मग आज सकाळी ते हिरवं चित्र शंभरदा कोणी दाबलं?

५

ज्योत्स्ना स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती. चार वाजले तरी ती जेवली नव्हती. मी तिला धर्मेंद्रचं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे त्यानेही ऐकलं," ती म्हणाली.

"म्हणजे? तू काय ऐकलंस?"

"मी तुम्हाला सकाळी सांगितलं नाही, ताई. जीभ रेटली नाही. हे सकाळी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले..." तिने पदराने तोंड झाकलं. "निकाल. निकाल. दोनदा. माझा निकाल लागला, असंच म्हणत असणार ना? आठ महिन्यांनी आपणहून पहिला शब्द निघाला, तो हा. मी कसं सांगू कोणाला?"

मी तिथेच पाट ओढून बसले.

तिघांनी एकच शब्द ऐकला होता किंवा वाचला होता. भावाला अडखळत्या जिभेतून ते निकल ऐकू आलं, चालता हो. बायकोला वाटलं, सगळं संपलं. चंदनला वाटलं, काढून टाक. आपल्या या गावात दोन भाषा एकाच गल्लीत राहतात, तिथे हे होणारच. पण एकेकाचं ऐकणं बाजूला ठेवलं तर उरतं काय? सर दोन्ही वेळा पडद्याकडे बोट दाखवत होते. आणि चंदनने तो शब्द पडद्यावर वाचला होता.

"ज्योत्स्ना, तुला शाळेतला पहिला संगणक आठवतो का? दोन हजार सहाचा?"

तिला आठवेना. मला आठवत होता. त्याआधी एप्रिल आला की आम्ही शिक्षक मांडीवर भलेमोठे तक्ते घेऊन बसायचो. आठशे मुलं, सात विषय, सगळ्या बेरजा हाताने. शाईने बोटं निळी व्हायची. त्या वर्षी सरांनी गुण भरण्याचा एक कार्यक्रम आणला आणि दोन रात्रींचं काम एका दुपारी झालं. तो कार्यक्रम इंग्रजी मोठी अक्षरं तेवढी घ्यायचा. सरांनी त्याला नाव दिलं पाच अक्षरांचं: एन, आय, के, ए, एल. परीक्षेचा निकाल तो निकाल. पुढे त्या संगणकालाच सगळे निकाल म्हणायला लागले. "निकालवर कोण बसलंय?", "निकालची वायर काढू नका रे", असं आमच्या शिक्षकखोलीत दिवसभर चालायचं. शिपाईसुद्धा म्हणायचा, "बाई, निकाल पुसून ठेवला."

तो संगणक मोडीत निघाला, तेव्हा सरांनी त्याचं आतलं सगळं उचलून घरी आणलं होतं. पोटातला संगणक करून ठेवायचा म्हणाले होते. मी हसले होते. त्या जुन्या विंडोजमध्येच त्यांनी पुढे शब्द भरले, आणि मशीनचं नाव मात्र बदललं नाही. घरातल्यांना फक्त हिरवं चित्र ठाऊक. आतलं नाव ठाऊक असणारा एकच माणूस, आणि तो बोलू शकत नव्हता.

"ते स्वतःबद्दल काही म्हणत नव्हते," मी म्हटलं. "मशीनचं नाव सांगत होते तुम्हाला. कालपासून सगळ्यांना ओरडून सांगताहेत, माझं निकाल कुठे गेलं?"

दारात बाळाला घेऊन गायत्री उभी होती. ती कधी आली कळलं नाही.

"पण मावशी," ती म्हणाली, "नाव कळून काय उपयोग? गेलं ते गेलंच ना?"

"चंदन म्हणतो, ती एकटीच तीस जीबीची होती."

"हो, मोठी असणार."

"आणि चार मशिनी काढल्यावर तुला जागा किती मिळाली?"

"चार..." ती थांबली. बाळाला तिने दुसऱ्या कडेवर घेतलं. "चार जीबी. त्या तीन छोट्यांचीच भरली असेल ती. मावशी, तीस कुठे गेले?"

"कुठेच गेले नाहीत. पिंप रिकामं केलं तर हलकं व्हायला नको का? ते आहे तिथेच आहे. आधी नीलेशला फोन कर."

तिने तो केला, आणि मी तिथे उभी असताना नवऱ्याला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. उद्या आल्याबरोबर काही पुसलंस तर बघ, एवढा त्याचा सारांश.

६

चंदन दिवेलागणीला आला, जरा फुगलेलाच. मी त्याला निकालाचा अर्थ सांगितला.

"रिज़ल्ट?" तो उभाच राहिला. "रिज़ल्ट को मराठी में निकाल बोलते? मॅडमजी, आमच्यात निकाल म्हणजे बाहर! मी समजलो, सर ने पर्ची चिपका दी, ये वाला निकाल दो."

"चार वर्षांत कुठल्या पोराने तुला सांगितलं नाही का, माझा निकाल लागला म्हणून?"

"इंग्लिश मीडियम की पोरं आहेत मॅडमजी, सगळे रिझल्टच बोलतात." मग त्याचा चेहरा पडला. "पण मी तर सगळ्या फ़ाइली उडवल्या होत्या."

"त्या वेळी फोन आला होता का तुला?" मी विचारलं. दुपारी त्याच्या दुकानात पाहिलं होतं ना, फोन वाजला की याचं हातातल्या कामावरून लक्ष उडतं.

तो आठवू लागला. मशीन काढताना संगणक विचारतो, म्हणाला, सगळ्या फायलींसकट काढू की फक्त यादीतून नाव काढू? तीन वेळा त्याने पहिलं बटण दाबलं होतं. चौथ्या वेळी फोन खांद्याला लावून कोणाला तरी पासवर्ड सांगत होता. हे सांगता सांगता तो आता संगणकातले कप्पे उघडत गेला, एकाच्या आत दुसरा, दुसऱ्याच्या आत तिसरा. आणि एकदम म्हणाला, "हे राम. है. पूरा का पूरा है. सिर्फ़ नाम हटाया था मैंने."

ज्योत्स्ना देवापुढे गेली नाही की रडली नाही. तिने सरांची खुर्ची पडद्याजवळ ओढली. धर्मेंद्रला मी मंडीत निरोप पाठवून बोलावलं होतं. तो दाराशी उभा होता, आत यायचं की नाही ते त्याचं ठरत नव्हतं.

"ये आत," मी म्हटलं. "तुला कोणी चालता हो म्हटलं नाही. दादा तुला मशीनचं नाव सांगत होता. घरात मदत मागायला त्याला तूच दिसलास."

धर्मेंद्र खुर्चीमागे येऊन उभा राहिला. दादाच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, म्हणून हात हवेतच राहिला. सरांनीच तो धरून खाली ओढला.

चंदनने यादीत मशीन परत जोडलं. पडद्यात दुसरा पडदा उघडला, जुन्या विंडोजचं हिरवं माळरान आणि निळं आभाळ. मग सरांचा आवाज आला, आठ महिन्यांपूर्वीचा, भरदार, खडू हातात असल्यासारखा. सरांनी मान खाली घातली. डोळे भरले, पण मागून शब्द म्हटला, आणि पुढच्या शब्दासाठी बोट उचललं. धर्मेंद्रने ते पाहिलं आणि दादाची खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ सरकवली.

चंदन अपराधी चेहऱ्याने पुढे वाकला. "सर, नाम बदल दूँ? 'शब्द' लिहितो, नाहीतर 'मत काढो' लिहितो. फिर कोई गलती नहीं करेगा."

गायत्री म्हणाली, "हो, बदला. मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात."

चंदनने माउस धरला. नावाभोवती निळी चौकट आली. सरांनी डावा हात त्याच्या मनगटावर ठेवला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मशीन गप्प होतं, कोणी आधी काही म्हटलं नव्हतं.

"राहू," सर म्हणाले. आम्ही सगळे थांबलो. "राहू दे."

चंदनने माझ्याकडे पाहिलं, मराठी नीट कळली का ते विचारायला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने माउस सोडला.